न वाढणाऱ्या जिवाणूचा डीएनए काढायचा कसा?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, कुठल्याही तालुक्यात खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या, उसात शिरा. एखादं बेट असं दिसतंच की पाय थबकतात. आजूबाजूचा ऊस कांड्यांवर आलेला असतो आणि या एका बेटाला मात्र बारीक फुटव्यांचा नुसता झुबका. पानं गवतासारखी अरुंद, पिवळट, काही तर पार पांढरी पडलेली. कांडी धरायचं नाव नाही. हीच गवताळ वाढ. लावणीत चार-दोन बेटं दिसली तर खोडव्यात ती वाढतात, आणि निडव्याला, म्हणजे खोडव्याच्या पुढच्या पिकाला, प्लॉट परवडेनासा होतो.

बरेच जण याला केवडा समजून हिराकस फवारतात. लोह कमी पडल्यामुळे आलेला केवडा असेल तर त्यानं पान पुन्हा हिरवं होतं. गवताळ वाढीत फरक पडत नाही, कारण तिथं कमतरता नसते. पानातली साखर खाली वाहून नेणाऱ्या रसवाहिनीत एक जिवाणू ठाण मांडून बसलेला असतो. त्याला फायटोप्लाझ्मा म्हणतात. रोगट कांडीच्या बेण्यातून तो पुढच्या पिकात जातो, आणि रस शोषणारे तुडतुडेही त्याला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेतात.

हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही. रोगट उसाचा रस काढून बशीतल्या खाद्यावर पसरला तर दुसरेच जिवाणू उगवतात, हा उगवत नाही. त्याची खात्रीची ओळख पटवायचा मार्ग त्याच्या डीएनएतून जातो, आणि तो डीएनए उसाच्या पानातूनच काढावा लागतो. अहवालांमध्ये या कामाला एकच ओळ मिळते: ‘नमुन्यातून डीएनए वेगळा केला.’ माझं स्पष्ट मत आहे की पुढे काय दिसणार आणि काय नजरेआड राहणार, हे बहुतांशी त्या एका ओळीतच ठरतं. म्हणून हा लेख त्या ओळीबद्दल.

वाढत का नाही?

जिवाणू ओळखायची जुनी रीत १८८०च्या दशकात रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत पक्की झाली. अगारच्या बशीत खाद्य द्यायचं, त्यावर नमुना पसरायचा, प्रत्येक जिवाणूपासून एक ठिपका उगवू द्यायचा आणि त्यातला एक उचलून वेगळा वाढवायचा. एकदा असा शुद्ध साठा हाती आला की डीएनए काढणं सोपं असतं, कारण नळीत एकाच जातीचे अब्जावधी जिवाणू असतात. थोडा डीएनए वाया गेला तरी चालतं, पुन्हा वाढवता येतात.

अडचण अशी की निसर्गातले बहुतेक जिवाणू बशीत उगवतच नाहीत. मातीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली मोजला तर जितके जिवाणू दिसतात, त्यांच्या एक टक्क्याइतकेही नेहमीच्या बशीवर येत नाहीत. या तफावतीकडे स्टॅली आणि कोनोप्का या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ठळकपणे लक्ष वेधलं. कारणं बरीच आहेत. कुणाला आपण दिलेलं खाद्य जास्त होतं, कुणाला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, कुणाला शेजारच्या जिवाणूनं सोडलेलं एखादं द्रव्य लागतं. काही जण इतके सावकाश वाढतात की तोवर बशी दुसऱ्यांनी भरून जाते.

कुष्ठरोगाचा जिवाणू याचं सगळ्यात मोठं उदाहरण. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये पाहिला, पण कृत्रिम खाद्यावर तो आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात तो थोडाफार वाढतो हे दिसलं, आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या अमेरिकेतल्या प्राण्यात तो भरपूर वाढतो हे कळलं. २००१ मध्ये या जिवाणूचा सगळा जनुकसंच वाचून झाला, तो आर्माडिलोत वाढवलेल्या जिवाणूंचा डीएनए काढून. मूळ जिवाणू आला होता तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडून. वाचल्यावर दिसलं की प्रथिनं बनवणारी सुमारे १,६०० जनुकं चालू आहेत आणि ११०० च्या वर मोडून पडली आहेत. बाहेर एकट्यानं जगायची ताकद हा जिवाणू हळूहळू गमावत आला आहे.

आपल्या उसातला फायटोप्लाझ्मा त्याच वाटेनं आणखी पुढे गेलेला आहे. १९६७ पर्यंत अशा रोगांमागे विषाणू असावा असं मानत. त्या वर्षी जपानमध्ये तुतीच्या खुजा रोगासह काही रोगट झाडांच्या रसवाहिन्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा पेशीभित्तिका नसलेले गोलसर जिवाणू आढळले. टेट्रासायक्लिन दिल्यावर लक्षणं कमी झाली. विषाणूवर प्रतिजैविकाचा असा परिणाम होत नाही, त्यामुळे जिवाणूवरचा संशय आणखी पक्का झाला. २००४ मध्ये कांद्यावरच्या अशाच एका फायटोप्लाझ्माचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. त्यात एटीपी सिंथेज या, पेशीसाठी ऊर्जा तयार करणाऱ्या एका मूलभूत यंत्रणेची जनुकंच नव्हती. बहुतेक सगळा कच्चा माल तो झाडाकडून आयता घेतो. असा जिवाणू बशीत घालायचा तर रसवाहिनीचं सगळं पोषण बशीत उतरवावं लागेल. फायटोप्लाझ्मा कृत्रिम खाद्यावर वाढवल्याचे दावे झाले आहेत, पण रोजच्या कामात वापरता येईल अशी पद्धत अजून रुळलेली नाही. शुद्ध साठा जमा करता येत नाही म्हणून या जिवाणूंच्या शास्त्रीय नावाआधी ‘कॅन्डिडेटस’, म्हणजे उमेदवार, लावतात. उसाच्या गवताळ वाढीतल्या जिवाणूला पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘कॅन्डिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकराय’ हे नाव दिलं, तेही डीएनएच्याच आधारावर.

एका पानातला हिशेब

आता आकडे मांडून बघू, म्हणजे काम किती अवघड आहे ते कळेल. लागवडीच्या उसाचा जनुकसंच अवाढव्य आहे. एका पेशीत साधारण १००० कोटी अक्षरं. डीएनएची अक्षरं चारच, ए, टी, जी आणि सी, पण त्यांची ओळ एवढी लांब. फायटोप्लाझ्माची ओळ ५ ते १३ लाख अक्षरांच्या घरात असते आणि उसातला हा जिवाणू त्यातल्या खालच्या टोकाला, साडेपाच लाखांच्या आसपास आहे.

समजा उसाच्या प्रत्येक पेशीमागे एक फायटोप्लाझ्मा आहे. तरी एकूण डीएनएत त्याचा वाटा अठरा हजारात एक एवढाच येतो. पेशीमागे शंभर धरले तर कुठं अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोचतो. शिवाय तो सगळ्या पानात सारखा नसतो, फक्त रसवाहिनीत असतो, आणि तिथंही कधी दाट, कधी विरळ. रसवाहिनीच्या ज्या चाळणीसारख्या नळ्यांत तो राहतो, त्यांच्या पूर्ण वाढलेल्या पेशींत झाडाचं स्वतःचं केंद्रक उरलेलं नसतं. म्हणजे नेमक्या त्याच नळ्या कापून काढता आल्या असत्या तर उसाचा डीएनए फारसा आलाच नसता. पण आपल्या पात्याला तेवढं बारीक कापता येत नाही. जवळपास पोचता येतं ते एवढंच की पानाची कड टाकून द्यायची आणि मधली जाड शीर घ्यायची, कारण रसवाहिन्यांची गर्दी तिथंच.

नळीत काय होतं

शीर धुऊन पुसायची आणि बारीक कापायची. खलात द्रव नायट्रोजन ओतायचा. उणे १९६ अंशाला शिरेचे तुकडे काचेसारखे ठिसूळ होतात आणि बत्त्याखाली त्यांचं पीठ होतं. हे दोन कारणांसाठी करतात. उसाचा तंतू चिवट असतो, तो गोठल्याशिवाय नीट फुटत नाही. आणि पेशी फुटताच तिच्यातली डीएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) मोकळी होतात, ती त्या थंडीत गप्प राहतात. पीठ वितळायच्या आत पुढच्या द्रावणात गेलं पाहिजे. इथं रेंगाळलं की पुढे कितीही काळजी घेऊन उपयोग होत नाही.

पुढचं द्रावण ६५ अंशाला तापवून ठेवलेलं असतं. त्यात सीटॅब नावाचं साबणासारखं रसायन असतं, भरपूर मीठ असतं, ईडीटीए आणि पीव्हीपी ही रसायनं असतात, आणि थोडं मर्कॅप्टोइथेनॉल, ज्याचा कुजका वास सगळ्या खोलीत भरतो. एकेकाचं काम वेगळं. सीटॅब पेशीचं स्निग्ध पटल विरघळवतो. फायटोप्लाझ्माला भित्तिका नसल्यामुळे तो इथं लगेच फुटतो. त्याच्या बाबतीत फोडणं हा प्रश्नच नाही, शोधणं हा आहे. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं, आणि मॅग्नेशियमशिवाय डीएनए तोडणारी बरीचशी विकरं चालत नाहीत. मर्कॅप्टोइथेनॉल आणि पीव्हीपी ही पॉलिफिनॉलसाठी. कापलेला ऊस थोड्या वेळात तांबूस पडतो तो याच द्रव्यांमुळे. हवेशी संयोग झाला की ती डीएनएला चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

राहिलं मीठ. उसात साखर आहे, पण डीएनएच्या वाटेत येतात ती तिच्याहून लांब साखळीची पॉलिसॅकराइड द्रव्यं. ती डीएनएबरोबरच अल्कोहोलमध्ये खाली बसतात आणि हाती बुळबुळीत गोळा येतो. मीठ भरपूर असलं की सीटॅबच्या मदतीनं ही द्रव्यं डीएनएपासून वेगळी ठेवता येतात. गुऱ्हाळावर रस उकळताना भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, तसंच इथंही नको ते आधी बाजूला करायचं असतं. मळी राहिली तर गूळ काळा पडतो, इथं डीएनएचा गोळा तपकिरी दिसतो.

मग क्लोरोफॉर्म घालून नळी हळू उलटीसुलटी करायची आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. बाहेर काढली की तीन थर स्पष्ट दिसतात. तळाला हिरवट क्लोरोफॉर्म, मध्ये प्रथिनांचा पांढरा साका, वर नितळ पाणी. डीएनए वरच्या पाण्यात असतो. पिपेटनं तो थर उचलताना मधल्या साक्याला टोक लागू द्यायचं नाही. जरा कमी मिळालं तरी चालेल, पण स्वच्छ हवं. या थरात आयसोप्रोपॅनॉल हे अल्कोहोल घातलं की काही वेळा डोळ्यांदेखत धाग्यांसारखा पांढरा गुंता तयार होतो. विद्यार्थ्यांना तो पाहताना फार आनंद होतो आणि व्हायलाच हवा. पण तो गुंता जवळजवळ सगळा उसाचाच असतो हेही त्यांना त्याच वेळी सांगायला हवं. आपला जिवाणू त्यात असला तर डोळ्याला दिसण्याइतका कधीच नसतो.

गोळा ७० टक्के अल्कोहोलनं धुऊन, वाळवून, थोड्या द्रावणात विरघळवतात आणि प्रकाशमापकावर तपासतात. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनांचं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं की प्रथिनं निघाली असं धरतात. उसासाठी माझा भर २६० आणि २३० च्या गुणोत्तरावर जास्त असतो. ते २ च्या जवळ हवं. ते एकच्या खाली घसरलं तर पॉलिफिनॉल, पॉलिसॅकराइड किंवा वापरलेली रसायनं मागे राहिलेली असतात. असा डीएनए पुढच्या पायरीत दगा देतो.

पुढची पायरी म्हणजे पीसीआर. जिवाणूच्या डीएनएतला ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट करत न्यायचा. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे, कागदावरच्या हिशेबानं, शंभर कोटींच्या वर होतात. कोणता तुकडा? तो निवडायची सोय कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांच्या १९७७ च्या कामामुळे झाली. प्रत्येक जिवाणूत असणारा १६एस हा सुमारे १,५०० अक्षरांचा भाग जातीनुसार थोडा थोडा बदलतो, त्यामुळे तो वाचला की जिवाणूची जात नाही तरी निदान घराणं तरी कळतं. १९८०च्या दशकात नॉर्मन पेस यांनी पुढचं पाऊल टाकलं. जिवाणू वाढवत बसण्यापेक्षा निसर्गातूनच हा भाग थेट उचलून वाचायला सुरुवात केली. न वाढणाऱ्या जिवाणूंचं जग उघडलं ते तिथून.

उसाच्या पानात मात्र इथंच एक मोठा फसवा भाग आहे. पान हिरवं असतं ते हरितलवकांमुळे, आणि हरितलवक मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत सामावलेल्या जिवाणूंचेच वंशज. त्यांच्यातही १६एस भाग आहे आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. म्हणून ‘सगळ्या जिवाणूंसाठी’ असलेले प्रायमर, म्हणजे पीसीआरला कोणता तुकडा वाढवायचा ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरले तर हरितलवकाचाच डीएनए वाढून येतो आणि निरोगी उसातही जिवाणू सापडल्यासारखं दिसतं. त्यासाठी फक्त फायटोप्लाझ्मालाच जुळणारे प्रायमर लागतात, आणि तेही बहुधा दोनदा वापरतात. पहिल्या पीसीआरमध्ये सुमारे १,८०० अक्षरांचा तुकडा, मग त्याच्याच पोटातला सुमारे १,२०० अक्षरांचा. अठरा हजारातलं एक शोधायला ही दुहेरी चाळण लागते. पण दुहेरी चाळणीत चुकून उडालेला एखादा थेंबसुद्धा तेवढाच मोठा होऊन दिसतो, हे विसरता येत नाही.

ओळख पटवण्यापुरतं हे पुरतं. सगळा जनुकसंच वाचायचा असेल तर जिवाणूचा वाटा आधी वाढवावा लागतो. जुनी रीत फार सुंदर आहे. फायटोप्लाझ्माच्या डीएनएत ए आणि टी ही अक्षरं चारातली जवळजवळ तीन असतात. बिसबेन्झिमाइड हे रंगद्रव्य ए-टीच्या जागी चिकटतं आणि असा डीएनए हलका होतो. सिझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात तो अतिवेगानं बराच वेळ फिरवला की फायटोप्लाझ्माचा पट्टा उसाच्या पट्ट्यापासून सुटून वर येतो. अलीकडची एक रीत झाडाच्या डीएनएवर असलेल्या मेथिल खुणांचा फायदा घेते. उसाच्या सी-जी जोड्यांवर त्या भरपूर असतात, जिवाणूच्या तशा नसतात. खुणा असलेला डीएनए चुंबकीय मण्यांना अडकवून बाजूला काढला की उरलेल्यात जिवाणूचा वाटा वाढतो. तिसरा मार्ग म्हणजे सगळंच वाचून काढायचं आणि संगणकावर उसाचं वजा करायचं. २०२४ मध्ये आर५७० या उसाच्या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून हे बरंच सोपं झालं आहे.

माती, आणि जे फुटत नाहीत ते

उसाच्या पानात जिवाणू सहज फुटतो. मातीत गोष्ट उलटी. मातीच्या एका चिमटीत हजारो जाती असू शकतात. काहींच्या भित्तिका पातळ, काहींच्या जाड. क्षयाच्या जिवाणूच्या नात्यातल्यांवर तर मेणासारख्या स्निग्ध द्रव्याचं कवच असतं. बीजाणू करून बसलेले त्याहून कठीण. त्यांच्यासाठी लायसोझाइम हे भित्तिका कुरतडणारं विकर वापरतात, साबण आणि उष्णता वापरतात, आणि बहुतेक वेळा ०.१ मिलिमीटरचे काचेचे किंवा झिर्कोनियाचे मणी घालून नळी जोरात हादरवतात.

किती वेळ हादरवायचं, यातच सगळी मेख आहे. कमी वेळ हादरवलं तर कठीण जिवाणू फुटत नाहीत आणि अहवालात ते नाहीतच असं दिसतं. जास्त वेळ हादरवलं तर मऊ जिवाणूंचा आधीच मोकळा झालेला डीएनए तुकडे तुकडे होतो. म्हणजे एकाच मातीचे दोन वेगळे निकाल निघू शकतात आणि दोन्ही प्रामाणिकपणे काढलेले असतात. माणसाच्या विष्ठेच्या नमुन्यांवर २०१७ मध्ये डीएनए काढायच्या २१ पद्धती तपासल्या गेल्या. तेव्हा प्रयोगातल्या तांत्रिक टप्प्यांपैकी निकालावर सगळ्यात मोठा परिणाम याच पायरीचा दिसला. म्हणून ‘आमच्या शेतातल्या मातीत अमुक टक्के अमुक जिवाणू’ असा अहवाल कुणी दाखवला तर मी आधी डीएनए कसा काढला ते विचारते.

आपल्या जिल्ह्यातल्या दोन मातींचा त्रासही वेगवेगळा. पंचगंगा-कृष्णेकाठच्या काळ्या मातीतल्या चिकणमातीचे बारीक कण डीएनए घट्ट धरून ठेवतात. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा भागातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडं तेच करतात. दोन्हीकडे भर पडते ती ह्युमिक आम्लांची. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेणखतातून ती येतात, डीएनएसारखीच पाण्यात उतरतात आणि पीसीआरचं विकर थेट बंद पाडतात. नळीत चहासारखा रंग दिसला की समजायचं. सेंद्रिय कर्ब चांगला असलेली जमीन शेतकऱ्यासाठी उत्तम, पण तिच्यातून डीएनए काढणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त दमवते. १९९६ मध्ये झोऊ, ब्रन्स आणि टिडजे यांनी भरपूर मीठ, सीटॅब आणि एसडीएस हे दुसरं साबणासारखं रसायन एकत्र वापरून तऱ्हेतऱ्हेच्या मातींवर चालणारी पद्धत दिली, आणि आजच्या बऱ्याच पद्धती तिच्याच वाटेनं जातात. त्याआधी १९९० मध्ये नॉर्वेच्या टॉर्सविक आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या मातीतून काढलेल्या डीएनएवरून अंदाज बांधला की त्या छोट्याशा नमुन्यात सुमारे ४,००० वेगवेगळे जनुकसंच असावेत. बशीवर वाढलेल्या जिवाणूंत दिसणाऱ्या विविधतेच्या ते सुमारे दोनशे पट होतं.

डीएनए मिळाला म्हणजे जिवाणू जिवंत आहे का?

नाही, आणि हे उसाच्या बेण्याला थेट लागू आहे. मेलेल्या जिवाणूचा डीएनए बराच काळ टिकतो. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के मेलेल्या पेशींचा किंवा पेशीबाहेर पडलेला निघाला. गवताळ वाढीसाठी बेण्याला गरम पाण्याची किंवा उष्ण बाष्पाची प्रक्रिया देतात. प्रक्रिया झाल्या झाल्या त्याच कांडीची पीसीआर केली तर मेलेल्या फायटोप्लाझ्माचाच डीएनए सापडू शकतो आणि चांगली झालेली प्रक्रिया फसल्यासारखी वाटते. तपासणी करायची तर ती टिपरी, म्हणजे लावलेला बेण्याचा तुकडा, उगवून नवी पानं आल्यावर करावी.

उलट बाजूचीही चूक होते. अहवालात काही सापडलं नाही असं आलं तर दोन शक्यता असतात. जिवाणू नव्हता, किंवा डीएनए इतका मळका होता की पीसीआर चाललीच नाही. हे वेगळं करायला त्याच नळीतून उसाचं स्वतःचं एखादं जनुक वाढवून बघतात. तेही आलं नाही तर तो निकाल धरायचा नाही. तशीच एक नळी पान न घालता, फक्त रसायनांची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत न्यायची. डीएनए काढायच्या तयार किटमध्येसुद्धा इतर जिवाणूंचा थोडा डीएनए असतो हे २०१४ मध्ये ठळकपणे दाखवलं गेलं, आणि नमुन्यात जिवाणू जितके कमी तितका हा परका डीएनए जास्त गोंधळ घालतो.

डीएनए वाचता येऊ लागला म्हणून जिवाणू वाढवायची गरज संपली, असं मला अजिबात वाटत नाही. औषध लागू पडतं का, खोडवा खुजा का राहतो, हे जिवंत जिवाणूवरच नीट तपासता येतं. पण वाचलेला डीएनए वाढवायचा रस्ता दाखवू शकतो. व्हिपल रोग हा आतड्याचा दुर्मीळ आजार. त्याच्या जिवाणूची ओळख १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १६एस भागावरून पटली. २००० मध्ये तो मानवी पेशींच्या सोबतीनं वाढवता आला. २००३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून कोणती अमिनो आम्लं तो स्वतः बनवू शकत नाही ते शोधलं, ती खाद्यात घातली, आणि तो कुठल्याही पेशीच्या आधाराशिवाय वाढला. फायटोप्लाझ्मासाठी हीच वाट धरायची तर यादी फार लांब आहे, पण यादी आता हातात आहे.

आता आपल्याकडे टिपरीऐवजी ट्रेमधली रोपं आणायची पद्धत वाढली आहे. मातृबेणं रोगट असलं तर एकाच रोपवाटिकेतून कितीतरी शेतांत रोग जातो, त्यामुळे तपासणीचं मोल आणखी वाढलं आहे. नमुना पाठवायचा असेल तर वाळलेलं किंवा खालचं जुनं पान घेऊ नका. संशयित बेटाची वरची, अजून ओलसर असलेली दोन-तीन पानं मधल्या शिरेसकट घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्यात डीएनए तुटतो. पिशवीवर जात, लावण की खोडवा, आणि बेण्याला प्रक्रिया केली असेल तर तिची तारीख लिहा. त्याच प्लॉटमधल्या निरोगी दिसणाऱ्या बेटाची पानं वेगळ्या पिशवीत द्या, आणि ती कापताना कोयता आधी धुऊन घ्या.